करंजवाड्याला मास्तर टिकत न्हाई

करंजवाड्याला मास्तर टिकत न्हाई, असं आमच्या सुपा पेट्यात, म्हणजे सुप्याच्या मुलखात, जो तो म्हणायचा. मला त्या बोलण्याचा भारी राग. टिकत न्हाई म्हणजे काय? मास्तर म्हणजे काय लोणचं हाय, बरणीत घालून ठेवलं की टिकायला? मिसरूड फुटलं न फुटलं असं पोरगं वाघाच्या रानात सोडायचं, वरून साहेबानं कागद धाडायचा की पोरं दाखवा, आणि ते पळून गेलं की म्हणायचं, टिकला न्हाई. एक मास्तर तापानं गेला. दुसरा वाघाची डरकाळी ऐकून असा पळाला की त्याचं अंथरूण अजून तिथंच होतं. तिसरा आमचा उमाजी. तो तापानं गेला न्हाई आणि वाघानंही गेला न्हाई. कशानं गेला ते मी सांगते, कारण लोक भलतंच सांगतात.

मी इंदुबाई. आमचे मास्तर कुंभारवाड्याच्या शाळेवर होते. गाव त्यांना आण्णा म्हणायचं. नवऱ्याचं नाव काही मी घेत न्हाई, तेव्हा मीही आण्णाच म्हणते. माहेर खानापुराकडचं, सासर खानापुराकडचं, खरं जन्म सगळा ह्या रानात गेला. मूलबाळ झालं न्हाई. आण्णांना एक खोड होती. आसपासच्या वाड्यांवर कुठंही नवा मास्तर आला की ह्यांच्या जिवाला घोर. तो जेवला का, त्याला पोरं मिळाली का, तो रडतो का. मी म्हणायची, "तुम्हाला सरकार ह्याचा वेगळा पगार देतं काय वो?" तर म्हणायचे, "मी नवा होतो तेव्हा मला कुणी काही सांगितलं न्हाई गं. लई हाल झाले. म्हणून सांगतो."

दिल्लीला नव्या बादशहाचा दरबार झाला, त्याच्या पुढल्या वर्षी नवरात्राच्या आधी उमाजी आला. लोंढ्याला गाडीतून उतरून चालत आमच्या दारात. अंगानं काटकुळा, कान मोठे, डोळे कावरेबावरे. मुलकी परीक्षा पास झालेला. आईबाप लहानपणीच गेले, मामानं वाढवला. निघताना मामीनं बजावलं होतं, नोकरी गेली तर आमच्या दारात यायचं न्हाई. एका हातात पितळी घंटा, दुसऱ्या हातात वेताची छडी.

आण्णांनी छडी घेतली, वाकवून बघितली आणि माझ्या हातात दिली. "कारल्याच्या वेलाला टेका पाहिजे म्हणत होतीस ना? घे."

पोरगं बघतच राहिलं. "आण्णा, छडीशिवाय शिकवायचं कसं?"

"आणि छडीनं कुणाला शिकवणार? करंजवाड्यात पोरं शाळेत आली तर मारशील ना. आधी येऊ देत."

झालंही तसंच. शनिवारी अर्धी शाळा करून तो रानातली वाट तुडवत आमच्याकडं आला आणि चुलीसमोर बसून ढसाढसा रडला. म्हणाला, "अक्का, मला जमत न्हाई. मी घंटा वाजवतो, एक कुत्रं येतं. रिकाम्या झोपडीत बसून मी माझीच हजेरी घेतो."

वयानं मी त्याची आई शोभले असते, खरं तो मला अक्का म्हणायचा. मी म्हटलं, "रडायचं तर जेवून रड बाबा. उपाशी पोटानं रडलास तर आजारी पडशील आणि मला काढे करत बसावं लागेल." ताट वाढलं. तो जेवता जेवता रडला.

आण्णांनी विचारलं, "घंटा कधी वाजवतोस?"

"दहाला. नियम हाय."

"दहाला पोरं कुठं असतात?"

त्याला ठाऊक न्हाई. आण्णा म्हणाले, "गुरांमागं असतात. दुपारी गुरं सावलीला बसतात, रवंथ करतात, तेव्हा पोरं मोकळी. गुरं बसली की शाळा बसव. नियमाचं मी बघतो. आणि घरोघर जा, खरं शाळेचं नाव काढू नको. डुकरांनी भात किती नासलं ते विचार, म्हातारीचं गुडघं विचार. आंबील देतील ती पी, नको म्हणू नको. चार वेळा गेलास की तेच विचारतील, मास्तर, शाळा कवा? तोवर गप."

असं दर शनिवारी चालायचं. एकदा घसा पार बसवून आला. ओरडून ओरडून पाढे शिकवत होता. आण्णा म्हणाले, "तू जेवढा हळू बोलशील तेवढी पोरं जवळ सरकतील, करून बघ." एकदा तक्रार घेऊन आला की पोरी येत न्हाईत, आल्या तर कडेवर शेंबडी भावंडं घेऊन येतात, ती रडतात, शाळेत मुततात. आण्णा हसले. "मुतू देत की. जमीन शेणानं सारवलेली हाय, पुन्हा सारव. पोरीच्या कडेवरचं पोर बाहेर काढलंस तर पोरगीही बाहेर गेली म्हणून समज."

तो ऐकायचा. हीच त्याची गंमत होती बघा. कितीतरी मास्तर आले, आण्णांसमोर मान डोलवायचे आणि घरी जाऊन आपलंच खरं करायचे. उमाजी सांगितलेलं करून बघायचा आणि पुढल्या शनिवारी येऊन सांगायचा, हे जमलं, हे फसलं. त्याच्या बोलण्यात हळूहळू पोरांची नावं येऊ लागली. नागू असं म्हणाला, झिलूनं तसं केलं. आणि सगळ्यात जास्त बाळी. परशू आणि तुळजा ह्या कुणबी नवराबायकोची ही थोरली पोरगी. सात-आठ वर्षांची असेल. धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची, त्याला मास्तरच्या मांडीवर टाकायची आणि पाटी घेऊन पुढं बसायची. उमाजी एका हातानं पोर थोपटायचा आणि दुसऱ्या हातानं खडू धरायचा. मी म्हणायची, "मास्तर झालास की दाई?" तर तो लाजून हसायचा. दिवाळी झाल्यावर बाळी वाचायला लागली. त्या दिवशी तर त्यानं आमचं घर डोक्यावर घेतलं. "अक्का, धडा वाचला! अख्खा! बोट न ठेवता!"

करंजवाड्याच्या लोकांनी शाळेवर नवं गवत घातलं. तुळजा त्याला रोज नाचणीची भाकरी धाडायची. आता हा टिकणार, असं आण्णा म्हणाले, आणि मी तोंडानं "दृष्ट लावू नका" म्हटलं, खरं मनातनं मलाही तसंच वाटत होतं.

आता त्या लोकांची एक गोष्ट सांगितली पाहिजे, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. करंजवाडा कुणब्यांचा. खाली भाताची थोडी खाचरं, वर डोंगरउतारावर कुमरी. कुमरी म्हणजे रानाचा तुकडा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा आणि राखेत नाचणी पेरायची. आजापणज्यापासून तेच. मग सरकारनं रान राखीव केलं आणि कुमरी गुन्हा झाली. लोक काय खाणार? लपून तोडायचे. मग जंगलखात्याचा माणूस यायचा, मारायचा, दंड करायचा, साहेबाचं सामान डोक्यावर देऊन बायाबापड्यांना घाटापर्यंत पळवायचा. म्हणून त्यांची एक रीत पडली होती. टोपीवाला किंवा खाकीवाला वाटेवर दिसला की पहिला बघणारा कूक घालायचा. लांब, वर चढत जाणारी हाळी. ती ऐकली की दुसरा घालायचा, मग तिसरा, आणि बघता बघता वाडा रिकामा. मी एकदा डोळ्यांनी बघितलंय. चुलीवर भात रटरटत होता, जात्यात दाणे तसेच, आणि माणूस एक न्हाई. तान्ही पोरंसुद्धा रडत न्हाईत तेव्हा. बोलायला यायच्या आधी तिथल्या पोराला कूक कळते.

मार्गशीर्षात कागद आला. नवा दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा साहेब, पौषात फिरतीवर येणार. करंजवाड्याची शाळा पुष्कळदा रिकामी सापडली हाय, ह्या खेपेलाही सापडली तर शाळा बंद आणि मास्तर कमी. उमाजी मात्र हसत होता. "येऊ देत की अक्का. पोरं हायत. बाळी वाचून दाखवेल." त्यानं पोरांना तयारही केलं. फळ्यावर लाल पगडीवाला माणूस काढला आणि सांगितलं, हे दिपोटी साहेब, हे आले की उठून नमस्कार करायचा. पगडी आण्णांनीच सांगितलेली, त्यांनी आयुष्यात पगडीवालेच दिपोटी बघितले होते. आदल्या दिवशी निरोप यायचा, गाडीवाटेनं साहेब यायचे, गावात गूळपाणी व्हायचं.

हा नवा साहेब तरणा. पगडी न्हाई, डोक्यावर हॅट. निरोप न्हाई. अणशीकडनं रानातल्या पायवाटेनं आला, आणि वाघाची भीती म्हणून वाट दाखवायला पुढं कोण घेतला? जंगलखात्याचा गार्ड. खाकीतला. सांगा आता.

मी तिथं नव्हते. उमाजीनं सांगितलं ते आणि पुढं तुळजानं सांगितलं ते, दोन्ही एकच निघालं. दुपारची शाळा भरली होती. उमाजी वजाबाकी शिकवत होता. वरच्या कड्यावरनं कूक आली. मग खालनं. तशी पोरं उठली. दारातनं, कुडाच्या फटीतनं, मिळेल तिकडनं. उमाजी बाहेर धावला, त्यानं हॅट बघितली, मागं कागदांची पेटी घेतलेला शिपाई बघितला आणि त्याच्या लक्षात आलं की हा दिपोटी. तो ओरडला, "अरे थांबा! जंगलवाले न्हाईत रे! हे शाळेचे साहेब! थांबा!" कुणी ऐकत न्हाई. रानात पाचोळा वाजला आणि तोही थांबला. शाळेत पाट्या पडलेल्या.

तेवढ्यात बाळी परत आली. भावाला तुळजाकडं देऊन परत आली. कशाला? मास्तरला न्यायला. मास्तर मागं राहिला म्हणून. त्याचं धोतर धरून ओढायला लागली, "मास्तर, चला वो! बिगी चला! जंगलवाले आल्यात! धरतील तुमाला!"

अख्ख्या वाड्यात त्या पोराला आपला मानणारं माणूस कोण, तर ही एवढीशी पोरगी.

आणि त्यानं तिचा हात धरला. का धरला? अहो, एक तरी पोर पाहिजे होतं त्याला! एक पोर शाळेत बसलेलं दिसलं असतं, तिनं चार ओळी वाचल्या असत्या, तर साहेबानं लिहिलं असतं की शाळा चालू हाय. तो म्हणाला, "बाळी, थांब गं, तू थांब, भिऊ नको." ती घाबरली. ओढायला आली होती ती आता सुटायला बघू लागली. त्यानं घट्ट धरलं. दारात हॅटवाला साहेब आणि खाकी गार्ड उभे राहिले, आणि त्या पोरीनं जी किंकाळी फोडली ती म्हणे पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेली.

उमाजी काय करत होता? पुस्तक उघडत होता. एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं पुस्तक. "ही वाचते साहेब. बाळी, वाच. एक ओळ वाच गं. एकच." ती ओरडतेय, आणि हा म्हणतोय वाच.

ती ओरडली म्हणून परशू बाहेर आला. सगळे लांब गेले होते, तो पोरगी मागं राहिली म्हणून बांबूच्या बेटात येऊन बसला होता. हातात कोयता, अंगावर ताज्या तोडीचा चीक. "सोडा तिला!" म्हणत धावत आला. गार्डला आयतंच घावलं. वर नवी कुमरी तोडलेली त्यानं येतानाच बघितली होती. परशूच्याच अंगावरच्या कांबळ्यानं परशूचे हात बांधले. तेव्हा कुठं उमाजीनं बाळीचा हात सोडला. ती पळाली न्हाई. तिथंच उभी राहिली आणि तिचं ओरडणं थांबलं.

संध्याकाळी साहेब आमच्याकडं मुक्कामाला आला. आण्णांच्या शाळेत उतरला आणि जेवण माझ्या घरचं. मी वाढता वाढता तोंड सोडलं. "साहेब, रानातनं यायचं होतं तर ती हॅट पेटीत ठेवता आली नसती? तो खाकीवाला पुढं चालवायला हौस होती काय?" आण्णा डोळे वटारत होते. मी कुठली थांबते.

साहेब वाईट माणूस नव्हता, तेही सांगते. त्यानं ताट बाजूला सारलं. म्हणाला, "बाई, मला हे काही ठाऊक नव्हतं. खरं मी काय लिहू? मी रिकामी शाळा बघितली." शेवटी आण्णांच्या विनंतीवरनं त्यानं एवढं केलं की शेरा राखून ठेवला. शिमग्याच्या आधी पुन्हा माणूस येईल, तोवर शाळेत पोरं दिसली तर शाळा राहील.

दुसऱ्या दिवशी उमाजी पोरं गोळा करायला वाड्यावर गेला. दुपारी आमच्याकडं परत. पायात वहाण न्हाई, तोंड पांढरंफटक. ओसरीवर बसला. मी पाणी दिलं.

मग म्हणाला, "अक्का, त्यांनी माझ्यावर कूक घातली."

मी, जिचं तोंड सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतं ती मी, तिथं पदर चावत उभी राहिले.

मी आणि आण्णा करंजवाड्याला गेलो. आमच्यावर कुणी कूक घातली न्हाई. तुळजा दारात भात कांडत होती. कांडणं थांबवलं न्हाई तिनं. आण्णांनी समजावलं, तो शाळेचा साहेब होता, उमाजीला नोकरीची भीती पडली, पोरगा वाईट न्हाई. तुळजा ऐकत होती. मग मुसळ टेकवून म्हणाली, "त्यो वाईट हाय असं आमी कुटं म्हणतो आण्णा? भाकरी मीच देत हुती त्येला. खरं त्येनं हात धरला. आमचं माणूस कूक ऐकून दुसऱ्याचा हात धरतं त्ये पळायला धरतं. त्येनं मागं ऱ्हायला धरला. तुमी बसा शाळंत, पोरं धाडतो. त्यो नको."

आत कोपऱ्यात बाळी बसली होती. मी जवळ घेतलं, वेणी सोडून पुन्हा घातली, शेंगदाण्याचा लाडू दिला. लाडू हातात तसाच. डोळे माझ्याकडं, खरं शब्द न्हाई. तुळजा म्हणाली, "त्या दिसापासनं बोलत न्हाई. तिच्या वरडण्यानं बा बाहीर आला न्हवं. तिनं आवाजच मिटलाय." आणि मग रडली बिचारी, मुसळावर डोकं टेकून.

परशूला सुप्याला नेऊन कोंडला होता, म्हणून आण्णा सुप्याला गेले. कचेरीत ओळखीपाळखी काढल्या, मामलेदाराच्या हातापाया पडले, स्वतः जामीन राहिले. उमाजीही बरोबर होता. आत कुणी घेतलं न्हाई तर कचेरीच्या पायरीवर बसून राहिला. बरेच दिवस गेले, खरं परशू सुटला. परतताना तिघं आमच्या घरी आले. मी परशूला आधी अंघोळीला गरम पाणी दिलं. जेवायला बसायच्या आधी उमाजी त्याच्यासमोर वाकला, पायांना हात लावायला. परशू मागं सरला.

"असं नको मास्तर," परशू म्हणाला. "माजा राग न्हाई तुमच्यावर. गार्डानं धरलं, तुमी न्हाई. खरं पोरगी मुकी झालीया. तुमाला बघितलं की तिला त्योच दिस दिसंल. तुमी हितं हाय तवर ती बोलायची न्हाई, असं आमची माणसं म्हणत्यात."

उमाजी "व्हय" म्हणाला. फक्त "व्हय".

त्याच आठवड्यात त्यानं दिपोटीकडं अर्ज केला की मला मोकळं करा आणि शिमग्याच्या आत दुसरा मास्तर द्या. मला कळलं तशी मी त्याच्यावर अशी कडाडले की शेजारच्या घरातनं माणसं बघायला आली. "अरे वेड्या, मामीच्या दारात काय तोंड घेऊन जाणार? आण्णा दुसरीकडं बदली मागतील! थोडा दम धर! लोक विसरतात!" आण्णा तर दोन दिवस त्याच्याशी बोलले न्हाईत. त्यांचं मन मोडलं होतं. इतक्या मास्तरांना शिकवलं, त्यांतला हा एक जिवाला लागलेला. ओसरीवर पाठ करून बसायचे. आणि उमाजी आपला माझ्या चुलीत लाकडं सारत म्हणायचा, "बदली मिळेपर्यंत शिमगा होईल अक्का. शाळा बंद पडेल. मी गेलो तर शाळा राहते. आणि बाळी बोलेल."

आम्हाला तरी काय ठाऊक? सगळ्यांना वाटलं, तो म्हणतो ते बरोबर.

नवा मास्तर आला. दत्तात्रय नावाचा. बेळगावकडचा, तेल लावून भांग पाडलेला, हातात नवी कोरी छडी. मी काही म्हणायच्या आत उमाजीनंच ती छडी त्याच्या हातातनं काढून घेतली. आपलं जाणं त्यानं दोन दिवस लांबवलं, दत्तात्रयला सगळं सांगता यावं म्हणून. माझ्याच स्वयंपाकघरात दोघं बसायचे. मी तांदूळ निवडत असायची.

"गुरं बसली की शाळा बसवा," उमाजी सांगत होता. "झिलूला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई, तो उद्धट न्हाई. त्याच्या उजवीकडनं बोला. नागूला पाढे येतात, खरं उभं केलं की विसरतो. बसूनच म्हणू देत. गुणा हसते, तर चिडू नका. ती घाबरली की हसते. ओरडू नका. कडेवरची पोरं आली तर येऊ देत, एखादं मांडीवर घ्या, त्यात कमीपणा न्हाई."

दत्तात्रय भाबडा. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्हाला एवढं सगळं येतंय, मग तुम्ही का निघालात?"

उमाजीनं त्याला सांगितलं. काही लपवलं न्हाई, स्वतःला सावरून घेतलं न्हाई. मग म्हणाला, "बाळी आली तर तिला दाराजवळ बसवा. दार लावू नका कधी. आणि ती उठून निघाली तर जाऊ द्या. साहेब समोर बसलेला असला तरी जाऊ द्या. हात धरू नका."

मी तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि परसात जाऊन मनसोक्त रडले. तो सकाळी निघाला तेव्हा आण्णा त्याच्याबरोबर वळणापर्यंत गेले. त्याला पोरांचा निरोप घ्यायचा होता, खरं वाड्याकडं पाऊल टाकलं तर कूक उठेल, म्हणून तो करंजवाडा टाळून लांबच्या वाटेनं लोंढ्याला गेला. मामाकडं गेला न्हाई असं पुढं कळलं. कुणी म्हणालं गोव्याकडं रेल्वेच्या कामावर बघितला, कुणी म्हणालं न्हाई. आण्णांनी खूप विचारपूस केली. सापडला न्हाई आमचा उमाजी.

शाळा राहिली. त्याच आठवड्यात, शिमग्याच्या आधी, साहेबाचा माणूस आला, पोरं बघून गेला. दत्तात्रय त्या शनिवारी आमच्याकडं आला, आनंदात. कोण आलं, कोण बसलं, सगळं सांगत होता. मी विचारलं, "आणि बाळी?"

"आली होती की," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. भावाला कडेवर घेऊन. मी दाराजवळ जागा ठेवली होती, तिथं बसली न्हाई. शाळेत सगळीकडं फिरून बघितलं, मागच्या पडवीत बघितलं. आणि अक्का, ती बोलते की! मला म्हणाली, 'आमचे मास्तर कुटं हायत?'"

आण्णा ओसरीवरनं उठून आत आले.

"मी म्हटलं, ते गेले, आता मी मास्तर. म्हणाली, 'कवा येतील?' म्हटलं, न्हाई येणार. मग पाटी तिथंच ठेवली आणि निघाली. पुन्हा आली न्हाई. तिची आई म्हणते, पुन्हा गप्प झालीय."

आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघून तो घाबरला. वाटलं असेल आपलं काही चुकलं. घाईघाईनं म्हणाला, "खरं मी तिला धरलं न्हाई अक्का. उमाजी मास्तरांनी सांगितलं होतं तसं जाऊ दिलं."

त्याला शाबास म्हणावं की एक थोबाडीत द्यावी, मला कळेना. दमून आला होता पोरगा, दुपार टळून गेली होती. मी त्याला जेवायला वाढलं.